तुझी पुस्तकं कुठे लावू, विमल

विमल,

तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले. मी अजून अल्लीपूरलाच आहे, तुझ्या घरी. वाचनालयातल्या मोठ्या टेबलावर पुस्तकांचा ढीग तसाच पडून आहे. लोकांनी तुझ्या नावाने आणून दिलेली पुस्तकं. कुणी एक आणलं, कुणी दोन. एकाने मुलीला शाळेत बक्षीस मिळालेलं पुस्तक आणलं, पहिल्या पानावरचं तिचं नाव खोडून खाली तुझं नाव घातलेलं. मी रोज सकाळी जाते, पुस्तकं फडक्याने पुसते आणि एकही कपाटात न लावता परत येते.

रविवारी कमिटीची बैठक आहे. अध्यक्ष दादाराव यांना तुझ्यासाठी काचेचं कपाट करायचं आहे. वर तुझा फोटो, खाली तुझं नाव, आत ही सगळी पुस्तकं एकत्र. सुताराने मापसुद्धा घेतलं. दादाराव मला म्हणाले, "वहिनी, तुमचं मत सांगा. तुमी म्हनान तसं करू." मत सांगायचं तर आधी तुला एक गोष्ट विचारावी लागते. ती विचारायला माझ्याकडे बरीच वर्षं होती. मी विचारली नाही.

ओवी आणि निषाद हे वाचतील म्हणून जरा नीट मांडून लिहिते. माझी ही दोन्ही नातवंडं समुद्रापलीकडे वाढली. त्यांच्या लेखी आत्याआजी म्हणजे फोनवर "जेवले काय रे लेकरं हो" असं ओरडून विचारणारी बाई. ती बाई काय करत होती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

तू माझी धाकटी नणंद. दहावी झालीस आणि लग्न होऊन या गावात आलीस. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांतलं वाचनालय तुझ्या ताब्यात आलं ते कायमचंच. मी वर्ध्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, राहायला जवळच सिंदी मेघेत. माझ्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. तू पहिल्यांदा स्वयंपाकघरात आलीस तेव्हा मिठाचा डबा हातात घेऊन म्हणाली होतीस, "वहिनी, मीठ बी वाचून घेता काय वो?"

मी निवृत्त झाले त्याच वर्षी तुझा फोन आला. तपासणीला साहेब येऊन गेले होते. पुस्तकं विषयवार लावल्याशिवाय वाचनालयाचा दर्जा वाढणार नाही, असं सांगून गेले होते. तोवर तुझ्याकडे पुस्तकं आली तशी उभी होती. पहिलं आलेलं पहिलं, शेवटचं आलेलं शेवटी. तुला सगळी तोंडपाठ होती म्हणून कुणाचं अडलं नव्हतं.

"साहेब म्हन्ते विषयवार लावा," तू म्हणालीस. "विषय कसे लावतात वो वहिनी?"

मला कुठे येत होतं? पण मी कॉलेजच्या ग्रंथालय समितीवर होते, आणि इंग्रजी पुस्तक वाचून काहीही शिकता येतं असा माझा समज होता. दशांश वर्गीकरणाचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं, पुठ्ठ्यावर तक्ता केला आणि मंगळवारी-शुक्रवारी एस.टी.ने तुझ्याकडे येऊ लागले.

तुझा पहिला धडा मला अजून आठवतो. मी सांगितलं, जगातलं सगळं ज्ञान दहा घरांत वाटायचं. शंभरात तत्त्वज्ञान, दोनशेत धर्म, तीनशेत समाज. पाचशेत निसर्गाचं ज्ञान, सहाशेत त्याचा वापर: शेती, औषध, स्वयंपाक. आठशेत साहित्य, नऊशेत इतिहास. प्रत्येक घरात पुन्हा दहा खोल्या, प्रत्येक खोलीत पुन्हा दहा कोनाडे. त्याहून बारीक जायचं असेल तर टिंब देऊन पुढे.

"अन शून्यात काय हाय?"

"जे कुठेच बसत नाही ते. ज्ञानकोश, सर्वसाधारण माहिती."

"म्हनजे ज्याले घर नाई त्याचं घर," तू म्हणालीस. "चांगला हाय हे करनारा मानूस. पयले बेघराची सोय केली."

दोनशेवर मात्र तू अडून बसलीस. दोनशेवीस ते दोनशेऐंशीपर्यंत सगळा एकच धर्म, आणि आपले सगळे देव, सगळे संत, सगळी भजनं दोनशेचौऱ्याण्णवात. तू बोट ठेवून पुन्हा पुन्हा तक्ता वाचलास. "काहो वहिनी, आपल्या साऱ्या देवाईले एस.टी.च्या मांगच्या सीटवर बसवलं काय?"

मी तुला समजावलं की ही पद्धत दूरच्या देशात, खूप वर्षांपूर्वी झाली, तिथल्या कपाटांत जी पुस्तकं होती त्यांच्या हिशेबाने जागा दिल्या. तू म्हणालीस, "मंग आपल्या कपाटाच्या हिशेबानं काऊन नाई करत?" मी म्हटलं, जगभर चालतं ते चालू दे. तुझं समाधान झालं नाही. आज सांगते, माझंही झालं नव्हतं. पण शिकवणाऱ्याने तसं दाखवायचं नसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

आपल्याच देशात झालेल्या दुसऱ्या पद्धतीबद्दल मी एकदा सांगितलं, द्विबिंदू वर्गीकरण. तीत विषयाला आधीच ठरवलेली खोली नसते. तुम्ही पुस्तकाला प्रश्न विचारता: मुख्य कशाबद्दल, कशाचं बनलेलं, त्याचं काय चाललंय, कुठलं, कधीचं. उत्तरं जोडत गेलं की क्रमांक तयार. तू एकदम सरसावून बसलीस. "हे तं गावात नव्या मानसाले विचारतात तसं झालं. कोनाचा, काय करते, कुठून आला, कई आला." दोन शुक्रवार आपण तसे क्रमांक बनवायचा प्रयत्न केला. एका पुस्तकाचा क्रमांक इतका लांब झाला की कण्यावर मावेना. मग मी तो बेत बंद केला. तू मात्र नवं पुस्तक आलं की ते पाच प्रश्न तोंडातल्या तोंडात विचारायचीसच. मी ऐकायची आणि न ऐकल्यासारखं करायची.

तुझं-माझं खरं भांडण सूतकताईच्या पुस्तकावरून झालं. मी त्याला सहाशेसत्त्याहत्तर दिला, कापड तयार करण्याचा विषय. तू पुस्तक उचललंस आणि इतिहासाच्या कपाटाकडे निघालीस.

"अगं, ते चरख्यावर सूत कसं काढायचं याचं आहे."

"हाय ना. पन मागते कोन? सूत काढाले कोनीच मागत नाई. शाळेतले मास्तर मागतात, दोन ऑक्टोबरच्या भाषनाले. ते इतिहासात पायतीन."

"पुस्तक कशाबद्दल आहे ते बघायचं विमल, कोण मागतं ते नाही."

"बरं, लावा तुमच्या मनानं. मास्तराले सापडलं नाई तं वर्धेले तुमच्या घरी पाठवतो."

पुस्तक सहाशेसत्त्याहत्तरात राहिलं. भांडण राहिलं ते राहिलंच. पुढे मधुमेहाच्या रुग्णांसाठी स्वयंपाकाचं पुस्तक आलं तेव्हा तेच भांडण, बचत गटाच्या पुस्तकावर तेच. कशाबद्दल, की कुणासाठी? या दिवाळीनंतरही फोनवर आपण त्यावरच बोलत होतो, आणि तुझा खोकला वाढला म्हणून मी म्हटलं, उद्या बोलू.

माझीही फजिती तुला आठवत असेल. नावात 'शेत' आहे म्हणून एक पुस्तक मी न उघडता शेतीत लावलं. एक गृहस्थ ते घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी परत आणून म्हणाले, "मॅडम, याच्यात बियानं-खत काईच नाई. सारं आभायाकडे पाहून रडनं हाय." ते कवितेचं निघालं. तू पोट धरून हसलीस. पुढे आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांच्या बायका तुझ्याकडे शिकायला यायच्या, तेव्हा तुझा पहिला धडा तोच असायचा: नावावर जाऊ नका, पुस्तक उघडा, अनुक्रमणिका वाचा, मग दोन पानं मधली वाचा. हे त्या जाड इंग्रजी पुस्तकातही लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. तू ते केलंस.

आता खणांबद्दल.

या गावात तेरवीला मेलेल्याचं नाव घातलेली ताटं, पेले वाटायची रीत होती. ती तू हळूहळू मोडलीस. ज्याच्या घरी मयत होई त्याच्या घरी दहाव्या दिवशी जाऊन सांगायचीस, "ताटं किती झाली गावात! त्याईच्या नावानं पुस्तकं द्या. त्याईले काय आवडत होतं, तेच द्या." लोक देऊ लागले. प्रत्येक माणसाची पुस्तकं तू कपाटाच्या एका खणात एकत्र ठेवायचीस आणि वर त्याच्या नावाची पट्टी लावायचीस. वर्षश्राद्धाला घरचे येत, खणावर फूल ठेवत, एखादं पुस्तक चाळत. कुणाची तिथी कधी, हे तुला त्यांच्या मुलांपेक्षा जास्त ठाऊक असे. त्या सकाळी तो खण आधीच पुसलेला असे.

वर्गीकरणाला हे खण आडवे आले. डोमाजींचंच घे. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, पाच पुस्तकं दिली होती. एक भजनांचं, एक लोककथांचं, एक घरगुती औषधांचं, एक पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, लागवडीचं आणि एक बैलांच्या आजारांचं. पाचही एका खणात, खांद्याला खांदा लावून. हा विषय कुठला? मी तुला सांगितलं, डोमाजी हा विषय नाही. तू पाचही पुस्तकं पुन्हा नीट उभी केलीस. मग म्हणालीस, "खनाचं मंग पाहू. त्याईले हात नका लावजा."

मी हात लावला.

तू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे गेली होतीस. तपासणी जवळ आली होती. अर्धवट लावलेलं म्हणजे लावलेलंच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दहा दिवसांत मी चाळीस खण मोकळे केले, पट्ट्या काढून पाकिटात घातल्या, पुस्तकांच्या कण्यांवर क्रमांक चिकटवले आणि ज्याचं त्याच्या विषयात लावून टाकलं. शेवटचं कपाट बंद केलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. ते समाधान मला आज जास्त टोचतं.

तू परत आलीस, काळा चष्मा लावून, आणि त्याच सकाळी पार्वताबाई झेंडू घेऊन दारात. डोमाजींची तिथी होती. त्या सरळ खणापाशी गेल्या. तिथे आता जगाचा इतिहास उभा होता. त्या फुलं हातात धरून तशाच थांबल्या.

"विमल, आमचा खन कुठी गेला वो?"

तुलाही तेव्हाच कळलं. तू एकदाच माझ्याकडे वळलीस. काळ्या काचांमुळे तुझे डोळे मला दिसले नाहीत. मी काही बोलणार इतक्यात तू त्यांचा हात धरलास.

"मावशी, काका आता एका जागी नाई बसत. किती वर्सं बसतीन त्या खनात? चाला, दाखवतो."

मी कुठे काय लावलंय हे तुला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी वाचायची मनाई केली होती. तरी तू दोनशेचौऱ्याण्णवापाशी गेलीस, कण्यांवरून बोट फिरवलंस आणि भजनांचं पुस्तक काढलंस. "हे पाहा. आजूबाजूले सारे भजनीच हाय." तिथून तीनशेअठ्ठ्याण्णव. "हे गोष्टीत बसले. लेकरं येतात अथी." मग सहाशेचं कपाट. "हे दवाईत. अन हे पऱ्हाटीत." आणि शेवटी सहाशेछत्तीसपाशी, "अन हे बैलाईत."

पार्वताबाई तिथे हसल्या. "बैलाईत तं राहतीनच. घरी तरी कुठी राहत होते?" मग म्हणाल्या, "मंग फुलं पाच जागी वाहू काय आता?"

"वाहा ना. पाकळ्या करा."

त्यांनी पाचही ठिकाणी पाकळ्या ठेवल्या आणि गेल्या. मी वाट पाहत होते की आता तू मला बोलशील. तू चष्मा सारखा केलास आणि म्हणालीस, "वहिनी, सहाशेतेहतीसच्या आधी सहाशेबत्तीस येते. तुमी उलटं लावलं." बस. त्यानंतर त्या विषयावर तू मला एक शब्द बोलली नाहीस.

सगळेच पार्वताबाई नव्हते. वेशीजवळचे तिघे भाऊ आले, आमच्या बापाला तुम्ही इकडेतिकडे फेकलं म्हणाले, आणि आपली नऊ पुस्तकं पिशवीत भरून घेऊन गेले. मी आतल्या खोलीत होते. मला सगळं ऐकू येत होतं. तू त्यांना म्हणाली नाहीस की हे वहिनींनी केलं. तू म्हणालीस, "तुमच्या बापाचे हाय, न्या. पुन्हा आनावं वाटलं तं आनजा." धाकटा दोन वर्षांनी पाच पुस्तकं परत घेऊन आला. उरलेली चार कुठे गेली, हेही तू विचारलं नाहीस.

आणि मग तू जे केलंस ते मला सुचायला हवं होतं. मीच तुला शिकवलं होतं की एक पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं, पण त्याची कार्डं हवी तितकी करता येतात: लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक. तू घराघरांतून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्यास, कोऱ्या बाजू कापल्यास आणि प्रत्येक मृताचं एक कार्ड केलंस. वर नाव, खाली तिथी, त्याखाली त्यांच्या पुस्तकांचे क्रमांक. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकारविल्हे लावलेली. म्हणजे माणूसही सापडेल आणि विषयही. मी एक कार्ड उलटून पाहिलं, मागे 'शुभविवाह' आणि गणपती. मी म्हटलं, विमल, हे बरं दिसत नाही. तू म्हणालीस, "पुठ्ठा चांगला हाय."

दर्जा वाढला. इथल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली. 'निवृत्त प्राध्यापिकेने शास्त्रीय पद्धतीने वाचनालय लावले' असं तीत होतं, आणि माझं नाव. तुझं नव्हतं. मी पत्र पाठवून दुरुस्ती करायला हवी होती. मी नाही केली. तू ते कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलंस, आणि कुणी नवीन आलं की दाखवायचीस: "आमच्या वहिनी."

तर माझा प्रश्न हा होता. डोमाजी आता एका जागी बसत नाहीत, असं तू पार्वताबाईंना सांगितलंस, ते तुला खरंच तसं वाटलं म्हणून, की माझी चूक झाकायला? खरंच वाटलं असेल तर तुझी पुस्तकंही मी निर्धास्त वेगवेगळी लावीन. झाकण्यासाठी असेल, तर मनातून तुला खणच बरोबर वाटत होता, आणि मग काचेचं कपाट तुझ्या हक्काचं आहे.

तेरवीच्या पंगतीत पार्वताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आता पाठ वाकली आहे, डोळे मात्र तसेच. न राहवून मी त्यांनाच विचारलं.

"मले काय समजत नाई काय बाई?" त्या म्हणाल्या. "तिचा हात माह्या हातात होता. असा थरथरून राह्यला होता. तुमी केलं अन तिनं झाकलं. घरी जाऊन मी रडलो बी."

माझा घास तसाच राहिला.

"खा तुमी, खा. पुरं आयका. दुसऱ्या खेपेले गेलतो. बैलाचं पुस्तक हाती घेतलं. ते मले पाठच होतं, त्याईनं किती डाव वाचून दाखवलं होतं. त्याच्या बाजूले शेळीचं होतं. कोनाचं होतं कोन जाने. चौथी शिकलो मी, बोट ठिवून ठिवून वाचलं. मंग दोन शेळ्या घेतल्या. आता अकरा हाय." त्यांनी माझ्या पानाकडे बोट केलं. "खन असता, तं मी त्याईचेच पाच पुस्तकं पुसत बसलो असतो. पन विमलले काय वाटत होतं ते मले नका विचारू. ते तिलेच मालूम."

इथवर लिहून मी थांबले होते. काल बैठक झाली.

कमिटीचे सातही जण आले होते. दादारावांनी कपाटाचं चित्र टेबलावर पसरलं. मी उभी राहिले. मी सांगितलं की त्या वर्षी खण मी मोडले. विमलने हात लावू नका सांगितलं होतं, तरी मोडले. लोकांचा राग तिने घेतला आणि नाव माझं झालं. हे मी तिला कधी बोलले नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

मग दादाराव म्हणाले, "वहिनी, ते आमाले माईत होतं."

"सगळ्यांना?"

"साऱ्या गावाले. विमलताईनं कसम घातली होती, वहिनीले कोनी काई म्हनाचं नाई म्हनून."

विमल, मी खुर्चीत बसले.

दादाराव थांबले नाहीत, आणि त्यांचं बोलणं मला खोडता आलं नाही. "तुमी म्हनता कपाट नको. पन ज्या बाईनं चाळीस मानसाईचे खन पुसले, तिलेच खन नाई? हे तरी कसं बरं दिसन?" तुझ्यावरच्या मायेने बोलत होते. मी त्यांना खरं तेच सांगितलं. तुला काय आवडलं असतं ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवसानंतर खण परत लावायला तुला कुणी अडवलं नव्हतं. पट्ट्या पाकिटात होत्या, पाकीट तुझ्या टेबलात होतं. तू ते उघडलं नाहीस. तू सुरुवात झाकण्यापासून केली असशील. पण पुढे इतकी वर्षं कुणी नुसतं झाकत राहत नाही. नंतरच्या प्रत्येक तेरवीची पुस्तकं तू स्वतःच्या हाताने विषयात लावलीस, आणि प्रत्येक घरच्या माणसाला हात धरून त्या त्या जागी नेलंस.

"मंग फोटो तरी लावू?" दादाराव म्हणाले.

"फोटो लावा," मी म्हटलं. "पुस्तकं मी लावते."

आज सकाळी बसले. तुझं कार्ड आधी केलं. तुझ्याच ठेवणीतली पत्रिका घेतली, कोरी बाजू. वर नाव लिहिलं, तिथी लिहिली. मग एकेक पुस्तक उघडायला सुरुवात केली. अनुक्रमणिका, मग मधली दोन पानं. सात-आठ सरळ निघाली. मग हातात मधमाश्यांचं एक पुस्तक आलं आणि मी अडकले. अर्धं मधमाशीच्या शरीराबद्दल, अर्धं पेट्या कशा ठेवायच्या त्याबद्दल. पाचशेपंच्याण्णव, प्राणिशास्त्र? की सहाशेअडतीस, पाळण्याची विद्या? कोण मागेल, हे तू विचारलं असतंस. मी विचारलं असतं, कशाबद्दल आहे. मी दोन्ही बाजूंनी भांडत बसले होते, तुझ्या आवाजातसुद्धा.

तेवढ्यात पार्वताबाई आल्या. काठी दाराला टेकवून ढिगापाशी उभ्या राहिल्या आणि माझ्या हातातलं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"हे मले द्या."

"पार्वताबाई, यावर अजून क्रमांक नाही. नोंद नाही, शिक्का नाही. कुठल्या विषयात घालायचं तेच माझं ठरत नाहीये."

"मंग तं द्याच," त्या म्हणाल्या. "मी वाचतो, अन कायचं हाय ते तुमाले सांगतो."

असं पुस्तक मी आजवर कुणाला दिलेलं नाही. कॉलेजातही नाही, घरातलंही नाही. मी देण्याघेण्याची वही उघडली. पार्वताबाईंचं नाव लिहिलं, आजची तारीख लिहिली आणि क्रमांकाची जागा कोरी सोडली.